थेंबांवरचा पहारा

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी आजारी पडून इस्पितळात राहिले असेल, तर उशाशी उलटी टांगलेली सलाईनची बाटली त्याने पाहिली असेल. बाटलीखालच्या इवल्याशा पारदर्शक नळकांड्यात एकेक थेंब पडत असतो. तो थेंब मोजणे हे माझे काम. मी थेंबमोज्या आहे, आणि आमच्या साऱ्या घराण्यात सर्वांत जुना मीच. माझे अंग साबणाच्या निळ्या डबीचे आहे, पोटातल्या तारा एका मोडक्या रेडिओच्या आहेत आणि पाठ चिकटपट्टीने सांधलेली आहे. दिसायला मी कसाही असलो, तरी माझ्यामागून आलेल्या हजारो भावंडांना पाहून मला स्वतःविषयी पुष्कळ बरे वाटते.

माझा जन्म युगांडातल्या म्बाले शहरी, बाजारामागच्या बोळात, कुलोबा नावाच्या माणसाच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात झाला. पण माझी गोष्ट कुलोबापासून सुरू होत नाही. ती डॉक्टर पेरुसी नांबोझो यांच्यापासून सुरू होते.

डॉक्टर पेरुसी लहान मुलांच्या डॉक्टर. नोकरीला नव्याने लागल्या तेव्हा डोंगरावरच्या एका इस्पितळात मुलांचा वॉर्ड त्यांच्याकडे होता. एकेका खाटेवर दोन दोन मुले आणि साऱ्या वॉर्डाला मिळून एक नर्स. एकदा जुलाबांनी सुकून गेलेले एक बाळ आले. सलाईन लावताच त्याने डोळे उघडले. त्याच्या आईच्या तोंडावर हसू आले. मग नर्सला दुसऱ्या खाटेवरून हाक आली, इकडे बाळाने पाय झाडला, नळीवरची, थेंब कमीजास्त करणारी चाकी सरकली, आणि दिवसभरात जायचे पाणी घटकाभरात आत गेले. ज्या पाण्याने ते बाळ जगायचे, त्याच पाण्याने ते गुदमरून गेले.

डॉक्टरांनी नर्सला बोल लावला नाही. इस्पितळाच्या प्रमुखांनी विचारले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "तिला दोनच डोळे आहेत, साहेब. बाटल्या कितीतरी आहेत." पण ती गोष्ट त्यांच्या मनातून गेली नाही.

पुढे त्यांनी ते इस्पितळ सोडले आणि नव्या औषधांच्या चाचण्या घेणाऱ्या एका संस्थेत नोकरी धरली. राजधानी कंपालात घर, गाडी, मान, सगळे मिळाले. त्याहून मोठी गोष्ट मिळाली, ती म्हणजे एक शिस्त. औषध चांगले आहे असे वाटणे वेगळे आणि ते चांगले असणे वेगळे, हे त्या तिथे शिकल्या. आधी आजाऱ्याची परवानगी घ्यायची. मग निम्म्यांना नवे औषध, निम्म्यांना नेहमीचे. कोणाला काय मिळणार हे डॉक्टरच्या मायेने ठरत नाही. ते बंद पाकिटातून निघते. आणि चाचणी संपेपर्यंत निकालात डोकवायचे नाही. कितीतरी औषधे, ज्यांच्यावर मोठमोठ्या डॉक्टरांचा जीव जडला होता, ती या चाचणीत साफ पडलेली त्यांनी पाहिली.

आणि मग एके दिवशी ती नोकरी सोडून त्या म्बालेला परत आल्या. सोबतचे डॉक्टर हसले. एक जण तर म्हणाला, "पेरुसी, एवढं शिकून आता नळदुरुस्ती करणार का?" त्या म्हणाल्या, "नळ गळतोय ना? मग कोणीतरी करायलाच हवी."

दुसऱ्याच दिवशी त्या कुलोबाच्या दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या. कुलोबाने मान वर केली नाही. तो तापल्या तारेने काहीतरी जोडत होता.

"डॉक्टरीणबाई, वाट चुकलात. हे रेडिओचं दुकान आहे."

"ठाऊक आहे. मला थेंब ओळखणारा रेडिओ हवाय."

कुलोबाने हातातली तार खाली ठेवली. "पुन्हा सांगा," तो म्हणाला. मित्रांनो, त्या दोन शब्दांत माझा जन्म झाला असे मी मानतो.

माझी रचना सोपी आहे. माझ्या एका बाजूला बारीकसा दिवा आहे. त्याचा उजेड माणसाला दिसत नाही. समोर एक डोळा आहे, त्याला तो दिसतो. थेंब मधून पडला की त्याची सावली डोळ्यावर येते, आणि मी म्हणतो, एक. पुढचा पडला की, दोन. थेंब हव्या त्या वेगाने पडत असले तर माझा हिरवा दिवा लागतो. जोरात पडू लागले किंवा मंदावले, तर लाल दिवा लागतो आणि मी आवाज करतो.

आवाजावरून मात्र सुरुवातीलाच माझी फजिती झाली. कुलोबाने मला जो भोंगा बसवला होता, तो घुमायचा. डोंगराखालच्या मिशनच्या इस्पितळात मला पहिल्यांदा दाखवायला नेले. तिथल्या मुलांच्या वॉर्डाच्या मुख्य नर्स सिस्टर लोविसा नेउंबे. मला एका रिकाम्या बाटलीला लावून डॉक्टरांनी माझा भोंगा वाजवला. वॉर्डातल्या आया ताडकन उठल्या. एकीने तर पोराला पाठीशी बांधून दरवाजा गाठला.

सिस्टर नेउंबे कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही कंपालात फार दिवस राहिलात."

"का? काय झालं?"

"हे घुबडासारखं ओरडतंय. आजारी पोराच्या उशाशी घुबड आणून बसवलंत, आणि वर विचारताय, काय झालं."

डॉक्टर शरमल्या, आणि मग खळखळून हसल्या. त्याही त्याच डोंगरातल्या. घुबड घराशी बोलले तर घरातले कोणी जाते असे त्यांच्याही आजीने सांगितलेले. कुलोबाने भोंगा काढला आणि सायकलची घंटी वाजते तसा आवाज बसवला. त्या आवाजाला पोरे हसत. तापलेली पोरेसुद्धा मान वळवून बघत. तेव्हापासून डॉक्टरांनी एक नेम केला. माझ्यात काहीही बदलले, तरी ते आधी सिस्टर नेउंबेंना दाखवायचे. त्या नाक मुरडतील ते काढायचे.

आता माझ्यासारखी पुष्कळ भावंडे करायची, तर साबणाच्या डब्या पुरणार नव्हत्या. कंपालाचे श्री. सेम्पिजा यांचा प्लास्टिकच्या बादल्या आणि टोपल्यांचा कारखाना होता. ते उमदे, उत्साही गृहस्थ होते. त्यांनी डॉक्टरांशी भागीदारी केली, साचे घडवले, आणि पांढरीशुभ्र, गुळगुळीत थेंबमोजी यंत्रे बनू लागली. ती पहिली पेटी उघडली तेव्हा मी शेजारीच होतो. खरे सांगतो, मला माझ्या निळ्या डबीची लाज वाटली.

सेम्पिजांना यंत्रे लगेच विकायची होती. डॉक्टर म्हणाल्या, आधी चाचणी. सेम्पिजा म्हणाले, "अहो, थेंब मोजतं हे डोळ्यांना दिसतंय, त्यात तपासायचं काय?" डॉक्टर म्हणाल्या, "थेंब मोजतं हे दिसतंय. मुलांचं भलं करतं हे अजून दिसायचंय." सरकारी परवानग्या, नीतीविषयक समितीचे प्रश्न, पुन्हा प्रश्नांवर प्रश्न, असे करत करत अखेर त्याच मिशनच्या इस्पितळात चाचणी सुरू झाली. निम्म्या मुलांच्या बाटलीला यंत्र, निम्म्यांची बाटली नर्स घड्याळावर तपासणार, नेहमीसारखी. बाहेरची एक देखरेख समिती सगळ्यावर लक्ष ठेवणार.

मी जुना, म्हणून मला चाचणीत घेतले नाही. पण माझ्यावर एक वेगळे काम आले. आयांची परवानगी घेताना सिस्टर नेउंबे मला त्यांच्या हातात देत, उघडून दाखवत, माझी घंटी वाजवून दाखवत. कितीतरी आयांच्या हातांची ऊब मला ठाऊक आहे. कॉफी खुडून खडबडीत झालेले हात, मुलाच्या काळजीने ओले झालेले हात. त्या काळात मी स्वतःला फार महत्त्वाचा समजत होतो.

मग एका सकाळी डॉक्टरांची थोरली बहीण मुटोन्यी आली. तिच्या पाठीवर तिचा धाकटा, किटुई, मान टाकून पडला होता. उलट्या आणि जुलाब. सिस्टरांनी तिलाही मला दाखवले, सगळे समजावले. ती अधीरपणे म्हणाली, "मला काय समजावता, माझ्या बहिणीचंच आहे ते." आणि तिने परवानगी दिली. पाकीट उघडले. किटुईला यंत्र नव्हते. शेजारच्या खाटेवर नेलिमा नावाची एक चिमुरडी होती, तिच्या पाकिटात यंत्र निघाले.

डॉक्टर वॉर्डात आल्या तेव्हा मुटोन्यी दाराशीच त्यांना आडवी आली.

"पेरुसी, त्या पोरीला यंत्र लावलंय. माझ्या पोराला का नाही?"

"पाकिटात तसं निघालं, ताई."

"पाकीट तुझं, यंत्र तुझं, आणि पोर परक्याचं आहे का?"

"पाकीट माझं नाही. ते कोणी भरलं हे मलाही सांगत नाहीत."

"मग कपाटातलं एक काढ. सणाला मांडायला ठेवलीत का ती?"

डॉक्टरांनी तिचा हात धरला. "ताई, ऐक. ते यंत्र लावलं तर पोराचं भलं होईल की बुरं, हे मला माहीत नाही. माहीत असतं, तर ही चाचणी घेतलीच नसती. आजच्या घडीला किटुई आणि ती पोरगी, दोघं माझ्या लेखी सारखीच सुरक्षित आहेत."

मुटोन्यीने हात सोडवून घेतला. "स्वतः बनवलंस आणि स्वतःला माहीत नाही. मटोक्याची केळी मीच उकडली, पण शिजली की कच्ची ते विचारू नका, असं कोणी म्हणतं का?"

वॉर्डातल्या दोघी-तिघी हसल्या. डॉक्टर हसल्या नाहीत.

"तुला हवं तर त्याला चाचणीतून काढ. अंगठा दिलास म्हणून तू बांधली गेली नाहीस. त्याच्यावर उपचार तसेच होतील. पण चाचणीबाहेर यंत्र मी कोणालाच देत नाही. माझ्या भाच्यालाही नाही."

मुटोन्यीने पोराला काढले नाही, पण ती बहिणीकडे पाठ करून बसली. डॉक्टरांनी आपल्यासोबतचे डॉक्टर वाब्विरे यांना बोलावले आणि म्हणाल्या, "नात्यातलं पोर आहे. त्याच्याबद्दल मी काही ठरवायला नको. तुम्ही बघा." मग पांढरा कोट काढून खुंटीला लावला आणि भाच्याच्या खाटेपाशी स्टुलावर बसल्या. मुटोन्यीने त्यांच्याकडे पाहिले नाही, पण उठवलेही नाही.

दुपार कलली. पावसाळा सरून आभाळ स्वच्छ झाले होते. पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाची एक तिरीप आत आली आणि हळूहळू सरकत नेलिमाच्या बाटलीवर पोचली. तिच्या यंत्राचा लाल दिवा लागला, घंटी वाजली: थेंब मंदावले आहेत. नर्स आली, तिने चाकी जराशी सैल केली. पुन्हा घंटी. तिने आणखी सैल केली. हिरवा दिवा लागला. नर्स समाधानाने पुढच्या खाटेकडे गेली. तिने तेच केले जे आम्ही तिला शिकवले होते.

डॉक्टर भाच्याकडे बघत होत्या. भाचा बरा होता. तो शेजारच्या नेलिमाकडे टक लावून बघत होता. त्याची नजर गेली तिकडे डॉक्टरांचीही गेली. नेलिमाच्या नाकपुड्या फुलत होत्या. छाती भराभर वरखाली होत होती. आणि तिच्या उशाशी हिरवा दिवा शांतपणे जळत होता.

डॉक्टरांनी झडप घालून चाकी बंद केली. "सिस्टर, ऑक्सिजन. तिला उठवून बसवा. वाब्विरे, लघवीचं इंजेक्शन." नेलिमाची आई पाण्याचे भांडे हातात घेऊन तशीच उभी राहिली. मी टेबलावरून सगळे पाहत होतो. मला हात नाहीत, पाय नाहीत. माझेच रक्त म्हणावे असे एक यंत्र तिथे खोटे बोलत होते, आणि मी नुसता बघत होतो.

नेलिमा वाचली. संध्याकाळी तिचा श्वास संथ झाला, आणि दुसऱ्या दिवशी ती उठून बसली व केळे मागू लागली.

कुलोबा निरोप मिळताच बोडाबोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर बसून, डोक्यात धूळ घेऊन आला. त्याने आणि डॉक्टरांनी एक रिकामी खाट त्या खिडकीशी ओढली, बाटली टांगली आणि मला तिच्या नळकांड्याला लावले. ऊन माझ्यावर पडले. मित्रांनो, ते कसे वाटते सांगू? डोळ्यांवर कोणी विजेरी मारली की समोरची पणती दिसत नाही, तसे. थेंब पडत होते आणि मला अर्धेच दिसत होते. सिस्टर नेउंबे डोळ्यांनी थेंब मोजत मोठ्याने आकडे म्हणत होत्या, मी मागे मागे पडत होतो. डॉक्टरांनी माझ्यावर तळहाताची सावली धरली. मी सिस्टरांबरोबर धावू लागलो. हात काढला, पुन्हा मागे.

"ऊन," कुलोबा म्हणाला. तो भिंतीला टेकून खाली बसला. "माझ्या दुकानाला खिडकीच नाही, डॉक्टरीणबाई."

"आणि आपल्या पांढऱ्या प्लास्टिकमधून ते आरपार येतं," डॉक्टर म्हणाल्या.

थेंब प्रत्यक्षात जोरात पडत असताना यंत्राला कमी दिसत होते, म्हणून ते मंदावले मंदावले असे ओरडत होते, आणि नर्स बिचारी चाकी सोडत होती.

दुसऱ्या दिवशी सेम्पिजा कंपालाहून आले. वॉर्डाबाहेरच्या ओसरीवर दोघे बसले. मी डॉक्टरांच्या मांडीवर होतो.

"एकच खिडकी आहे," सेम्पिजा म्हणाले. "पडदा लावा. चाचणी पुरी करा. पुढच्या खेपेला आपण जाड प्लास्टिक घालू."

"इथे एक खिडकी आहे. ज्या इस्पितळांत ही यंत्रं जातील, तिथे किती खिडक्या आहेत ते मला माहीत नाही."

"पण मूल वाचलं ना?"

"मी तिथे मावशी म्हणून बसले होते, म्हणून वाचलं. प्रत्येक यंत्राबरोबर एक मावशी देणार आहात का तुम्ही?"

सेम्पिजांनी रुमालाने कपाळ पुसले. "ठीक आहे. मग बाहेर कळायच्या आत दुरुस्त करून घेऊ."

"बाहेर कळवून झालं. सकाळीच. देखरेख समितीला, मंत्रालयाला आणि नेलिमाच्या आईला. चाचणी मी थांबवलीय."

सेम्पिजांनी रुमाल खिशात कोंबला. "मला आधी विचारायचं होतंत."

"विचारलं असतं, तर तुम्ही नको म्हणाला असतात. मग मी तुमचं ऐकलं नाही असं झालं असतं. ते मला नको होतं."

"डॉक्टर, तुम्ही भल्या बाई आहात," ते उठत म्हणाले. "पण हा तुमचा धंदा नव्हे."

"हाच माझा धंदा आहे," डॉक्टर म्हणाल्या.

सेम्पिजा वाईट माणूस नव्हते. त्यांनी या कामात बराच जीव ओतला होता. पण त्यांनी साचे परत नेले, आणि पुढे त्यांत काय ओतले ते मला ठाऊक नाही.

नेलिमाच्या आईला डॉक्टरांनी सांगितले तेव्हा मी नव्हतो. सिस्टरांनी ते नंतर कुलोबाला सांगितले. ती बाई सगळे ऐकून घेऊन म्हणाली, "हे तुम्ही मला का सांगताय? मला तर कधी कळलंच नसतं." डॉक्टर म्हणाल्या, "म्हणूनच."

किटुई घरी निघाला त्या दिवशी मुटोन्यी त्याला पाठीशी बांधत होती. डॉक्टरांनी कापडाची गाठ मारायला हात लावला.

"म्हणजे तुला खरंच माहीत नव्हतं," मुटोन्यी म्हणाली.

"नव्हतं."

"मला वाटलं, तू नियमाच्या आड लपतेयस." तिने पोराला जरा वर सरकवले. "रविवारी घरी ये. दाण्याच्या कुटात बांबूच्या कोंबांचा मालेवा करणार आहे."

"म्हणजे राग गेला?"

"जेवायला बोलावलंय. रागाचं नंतर बघू."

त्यानंतर माझे वाईट दिवस आले. चाचणी थांबली, कंपनीला टाळे लागायची वेळ आली. मला इस्पितळाच्या अडगळीच्या खोलीत ठेवले. तिथे माझ्यासारखे कितीतरी होते. दूरदेशांतून दान म्हणून आलेली मोठमोठी यंत्रे. कोणाचा एक खिळा गेला होता, कोणाची एक वायर उंदराने कुरतडली होती, कोणाला इथली वीज सोसली नव्हती. एवढ्याशा कारणासाठी ती बंद पडली, आणि कोणी कोणाला विचारले नाही म्हणून बंदच राहिली. कोळ्यांनी माझ्या डोळ्यावर जाळे विणले. मी स्वतःशीच थेंब मोजायचा प्रयत्न करी, पण छपरातून गळणाऱ्या पाण्याखेरीज तिथे काही पडत नव्हते.

त्या काळात डॉक्टर सकाळी दवाखान्यात आजारी तपासत आणि दुपारी कुलोबाच्या दुकानात बसत. कुलोबाने प्रथम दुकानाची भिंत फोडून खिडकी पाडली, पश्चिमेला. मग तो त्या उन्हात बसून विचार करू लागला. लोक म्हणू लागले, रेडिओवाल्याला ऊन लागले. एके दिवशी त्याला सुचले, की दिवा सारखा जळत ठेवायचाच कशाला? दिवा लावून एकदा बघायचे, विझवून एकदा बघायचे. विझवल्यावर जे दिसते ते उन्हाचे. तेवढे वजा केले, की उरते ते आपले. म्हणजे आम्ही यंत्रांनी डोळ्याची उघडझाप करायला शिकायचे. कुलोबाने मलाच अडगळीतून काढून आणले, जाळी पुसली, आणि सर्वांत आधी मला ते शिकवले. त्या नव्या खिडकीतल्या भर उन्हात मी पहिल्यांदा सगळे थेंब पाहिले. वरून रबराची काळी टोपीही मिळाली. मला ती शोभते असे मला वाटते.

भागीदार मात्र सापडत नव्हता. ज्याच्याकडे जावे, त्याने चाचणी थांबल्याचे ऐकलेले असे. अखेर डोंगरावरच्या कॉफी पिकवणाऱ्यांच्या सहकारी संघाने डॉक्टरांना बोलावले. संघाचे अध्यक्ष वेपुखुलु म्हातारे होते, डोक्यावर लोकरी टोपी, हातात काठी. त्यांनी मला उलटेपालटे करून पाहिले.

"हे चुकलं असं मी ऐकलं. कोणी पकडलं?"

"कोणी पकडलं नाही. आम्हीच सांगितलं."

"का?"

"नाहीतर पुढच्या पोरानं सांगितलं असतं. मरून."

म्हाताऱ्याने बाकीच्या पंचांकडे पाहिले. "चाळीस वर्षं मी कॉफी विकतोय," तो म्हणाला. "आपल्या तराजूत खोट आहे असं स्वतः होऊन सांगणारा व्यापारी मला अजून भेटला नाही. ही बाई भेटली. तुमचं काय मत ते तुम्ही सांगा, माझं ठरलंय." मग तो डॉक्टरांकडे वळला. "एक अट आहे. आधी आमच्या वरच्या गावांतल्या दवाखान्यांना द्यायचं. कंपालाला मागून."

"मान्य," डॉक्टर म्हणाल्या.

दुसरी चाचणी पहिलीपेक्षा मोठी होती. या खेपेला डॉक्टरांनी दर इस्पितळात मुद्दाम उन्हाच्या खिडकीशी खाटा मांडायला लावल्या. आयांना समजावण्याची भाषाही बदलली. सिस्टर नेउंबे मला त्यांच्या हातात देऊन पहिले वाक्य हेच म्हणत, "हे चांगलं आहे की नाही, आम्हाला माहीत नाही. तेच शोधतोय." आश्चर्य असे, की हे ऐकून आया पूर्वीपेक्षा निवांत होत.

निकालाच्या दिवशी डॉक्टर, कुलोबा आणि वेपुखुलु एका बाकावर बसले होते. बाहेरच्या तज्ज्ञांनी पाकिटांचे गुपित उघडले. यंत्र लावलेल्या मुलांत अंगात जास्त पाणी साचण्याचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आले होते. कुलोबाने डोळे मिटले. वेपुखुलुंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. एका वार्ताहराने विचारले, "म्हणजे डॉक्टर, यंत्राने मुलांचे प्राण वाचवले असं लिहू ना?" खरे तर मृत्यूही थोडे कमी झाले होते. पण डॉक्टर म्हणाल्या, "तसं लिहू नका. तेवढं छातीठोक सांगायला आमची चाचणी पुरेशी मोठी नव्हती. जेवढं दिसलं तेवढंच लिहा. तेवढंही पुष्कळ आहे."

आज माझी भावंडे डोंगरावरच्या दवाखान्यांत आहेत, कंपालात आहेत, आणि सरहद्दीपलीकडच्या देशांतही गेली आहेत. डॉक्टर पेरुसींचे केस पिकले आहेत. कंपनीची नवी इमारत झाली तेव्हा कोणीतरी सुचवले, की मला काचेच्या पेटीत घालून दाराशी मांडावे. डॉक्टर म्हणाल्या, "काचेत ठेवलं की लोक नमस्कार करतील. मला नमस्कार नकोय." नवा माणूस कामावर आला, की त्या पहिल्या दिवशी मला त्याच्या पुढ्यात ठेवतात आणि सांगतात, "यात काय वाईट आहे ते शोध." मग मला उघडतात, हलवतात, ओले करतात, उन्हात धरतात. सुरुवातीला मला अपमान वाटे. आता मी त्या दिवसाची वाट बघतो.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, दवाखान्यात माझ्यासारखी यंत्रे असतील. आमचा डोळा स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसत जा. एखादा खिळा सैल झाला, तर आम्हाला अडगळीत लोटू नका, आधी विचारा. आमचे कौतुक केलेत तर आम्हाला आवडेलच. पण आमचे काही चुकत असेल, तर ते सर्वांसमक्ष, मोठ्याने सांगा. आमच्यावर याहून मोठी माया दुसरी नाही.

परवाच कामावर आलेल्या एका मुलीने मला साखरेच्या पाण्याच्या बाटलीला लावले. गोड वासाला एक मुंगी आली, नळकांड्यावरून चढली आणि टोपीखालून माझ्या डोळ्यासमोरून चालत गेली. मी तिला थेंब समजून मोजले. ती मुलगी घाबरत घाबरत डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी मला हातात घेतले, मुंगीला बोटावर उतरवून खिडकीबाहेर सोडले, आणि खुर्ची पुढे ओढली.

"बैस," त्या म्हणाल्या. "चहा घे. आणि पहिल्यापासून सांग, काय काय पाहिलंस."